चार्जर काढताच बॅटरी १०० वरून ८ टक्क्यांवर: एसीपीआय मेथडला दिलेलं पॅकेज तपासा

लक्षण ओळखीचं आहे. लॅपटॉप पूर्ण बंद करून चालू केला की बॅटरीचे सगळे आकडे बरोबर दिसतात. मग चार्जर काढला, किंवा झोपवलेला लॅपटॉप जागा केला, की भरलेली बॅटरी एकदम ८ टक्के दाखवते. ऑपरेटिंग सिस्टीम घाबरून स्क्रीन मंद करते, कधी थेट हायबरनेट करते. रीबूट केला की सगळं पुन्हा ठीक. लोक बॅटरी बदलतात, बॅटरीच्या जोडणीची पट्टी साफ करतात, ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने टाकतात आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच.

रीबूटने बरं होणारं आणि दुसऱ्या वाचनाला बिघडणारं हे दुखणं बहुतेक वेळा बॅटरीत नसतं. ते फर्मवेअरमधल्या, म्हणजे मशीनमध्येच साठवलेल्या मूळ सॉफ्टवेअरमधल्या, एएसएल कोडमध्ये असतं. एएसएल ही एसीपीआयची भाषा, आणि एसीपीआय म्हणजे बॅटरी, तापमान, झोप यांबद्दल फर्मवेअरने ऑपरेटिंग सिस्टीमशी कसं बोलायचं याचं मानक. दोष तिथेही एका ठरावीक जागी असतो: एका मेथडने (कोडमधल्या फंक्शनने) दुसऱ्या मेथडला आर्ग्युमेंट (आत पाठवलेली वस्तू) कसं दिलं, आणि घेणाऱ्या मेथडने त्याचं काय केलं.

आधी खात्री करून घ्या. लिनक्सवर पॉवर सप्लायच्या सिसएफएस फोल्डरमध्ये (हार्डवेअरची माहिती फाइलींच्या रूपात जिथे दिसते तिथे) बॅटरीची डिझाइन क्षमता आणि पूर्ण चार्जची क्षमता दिसते. रीबूटनंतर लगेच दोन्ही आकडे लिहून ठेवा, बिघाड झाल्यावर पुन्हा वाचा, आणि नव्या आकड्याला जुन्याने भागा. भागाकार बॅटरीच्या डिझाइन व्होल्टेजइतका आला, म्हणजे ११.४ व्होल्टच्या बॅटरीला ११.४, तर पुढे शोधाशोध करायची फारशी गरज नाही. कुठेतरी मिलीअँपिअर-तासांचं मिलीवॉट-तासांत रूपांतर दोनदा होतंय. ८ टक्केही तिथूनच येतात: उरलेली क्षमता बरोबर आहे, पूर्ण क्षमता ११.४ पट फुगली आहे, आणि १०० भागिले ११.४ म्हणजे ८.७७.

कोड काय करतो

बॅटरीची स्थिर माहिती _बीआयएफ ही मेथड देते. ती १३ घटकांचं पॅकेज, म्हणजे क्रमाने रचलेली यादी, परत करते. पहिला घटक एकक सांगतो: ० म्हणजे मिलीवॉट-तास, १ म्हणजे मिलीअँपिअर-तास. त्यापुढे डिझाइन क्षमता, मग शेवटच्या पूर्ण चार्जची क्षमता, मग तंत्रज्ञान, मग मिलीव्होल्टमध्ये डिझाइन व्होल्टेज. क्रम शून्यापासून मोजतात, म्हणून व्होल्टेज ४ नंबरला. नव्या मशीनमध्ये _बीआयएफऐवजी _बीआयएक्स असते. तिच्यात सुरुवातीला आवृत्तीचा घटक असल्याने हे सगळे क्रमांक एकाने पुढे सरकतात. बाकी गोष्ट तीच.

दोष असलेला कोड साधारण असा दिसतो. वाचायला सोपं जावं म्हणून फक्त कामाच्या ओळी ठेवल्या आहेत:

मेथड (_बीआयएफ, ०)
{
  इफ (बीएफएल == ०)
  {
    बीपीकेजी[१] = डीकॅप
    बीपीकेजी[२] = एफकॅप
    बीएफएल = १
  }
  सीएनव्हीटी (बीपीकेजी)
  रिटर्न (बीपीकेजी)
}

मेथड (सीएनव्हीटी, १)
{
  लोकल० = डीरेफऑफ (आर्ग०[४])
  आर्ग०[१] = डीरेफऑफ (आर्ग०[१]) * लोकल० / १०००
  आर्ग०[२] = डीरेफऑफ (आर्ग०[२]) * लोकल० / १०००
  आर्ग०[०] = ०
}

बीपीकेजी हे साठवलेलं पॅकेज, आणि बीएफएल ही ते भरलं की नाही याची खूण. आर्ग० म्हणजे मेथडला मिळालेलं पहिलं आर्ग्युमेंट, लोकल० म्हणजे तिचा स्वतःचा व्हेरिएबल, आणि डीरेफऑफ म्हणजे संदर्भातून प्रत्यक्ष किंमत काढणं. डीकॅप आणि एफकॅप हे एम्बेडेड कंट्रोलरचे, म्हणजे बॅटरीसारख्या गोष्टी सांभाळणाऱ्या छोट्या चिपचे, फील्ड (वाचायच्या जागा). तो कंट्रोलर हळू उत्तर देतो, म्हणून लिहिणाऱ्याने ते एकदाच वाचून पॅकेजमध्ये साठवले. हेतू चांगला होता. आता ४००० मिलीअँपिअर-तास आणि ११,४०० मिलीव्होल्ट धरून चला. पहिल्या हाकेला, म्हणजे मेथड पहिल्यांदा चालवली की, उत्तर ४५,६०० मिलीवॉट-तास, अगदी बरोबर. दुसऱ्या हाकेला बीएफएल १ आहे, त्यामुळे पॅकेज नव्याने भरलं जात नाही. त्यात आधीचे ४५,६०० तसेच आहेत, आणि त्यांनाच पुन्हा ११.४ ने गुणलं जातं: ५,१९,८४०. तिसऱ्या हाकेला ५९,२६,१७६.

तिसरा आकडा मात्र सगळ्या मशीनवर असा येत नाही. डीएसडीटीच्या, म्हणजे हा कोड ठेवणाऱ्या फर्मवेअरच्या मुख्य टेबलाच्या, हेडरमधली आवृत्ती २ पेक्षा कमी असेल तर त्यातले पूर्णांक ३२ बिटांचे धरले जातात. १००० ने भागण्याआधीचा गुणाकार ३२ बिटांत मावत नाही, वरचा भाग गळतो आणि हाती १६,३१,२०८ येतात. म्हणून आकडे 'काहीही' येत आहेत असं वाटलं तरी लगेच हार्डवेअरवर संशय घेऊ नका. गळतीचा हिशेब मांडून पाहिला तर तेही जुळतात.

दुसरी हाक येते कधी? फर्मवेअरने बॅटरीवर ०एक्स८१ ही सूचना पाठवली की ऑपरेटिंग सिस्टीम स्थिर माहिती पुन्हा मागते. ०एक्स८० म्हणजे फक्त स्थिती बदलली. काही फर्मवेअर चार्जर लावता-काढताना दोन्ही सूचना पाठवतात. झोपेतून उठल्यावरही लिनक्सचा बॅटरी ड्रायव्हर माहिती ताजी करून घेतो. लक्षण नेमकं या दोन प्रसंगी दिसतं ते त्यामुळे.

आर्ग्युमेंट प्रत जाते की मूळ वस्तू

सी लिहिणाऱ्या माणसाला वाटतं की सीएनव्हीटीला किंमत मिळाली, तिने आपल्या प्रतीत फेरफार केले, मूळ सुरक्षित. दुसऱ्या कुणाला वाटतं की एएसएलमध्ये सगळंच संदर्भाने जातं, तेव्हा आत जे लिहाल ते बाहेर दिसणारच. दोन्ही समज अर्धे खरे आहेत, आणि अर्धं खरं असणं इथे पूर्ण चूक असण्यापेक्षा महागात पडतं, कारण कोड कधी चालतो आणि कधी नाही.

एसीपीआयच्या स्पेसिफिकेशनमध्ये या पद्धतीला स्थिर संदर्भाने दिलेली हाक म्हटलं आहे. वस्तूची प्रत काढली जात नाही, मूळ वस्तूच आत जाते. कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात) मेमरी जपून वापरायची असते, म्हणून ही रचना. पण आत गेलेली वस्तू घेणाऱ्या मेथडने बदलू नये, अशीही सोय आहे. आर्ग०मध्ये थेट काही साठवलं तर मूळ वस्तूला धक्का लागत नाही. आर्ग०च्या जागी नवी वस्तू बसते, आणि तिथून पुढे आर्ग० हा त्या मेथडचा साधा लोकल होऊन जातो.

याला दोन फाटे आहेत, आणि सगळी दुखणी त्या फाट्यांवर होतात.

एक, हाक मारणाऱ्याने रेफऑफ (वस्तूचा संदर्भ बनवणारा शब्द) वापरून संदर्भ पाठवला असेल तर आर्ग०मध्ये केलेली साठवण त्या नावाच्या मूळ वस्तूवर जाऊन लिहिली जाते.

दोन, बफर (बाइटांची रांग) आणि पॅकेज. यांची किंमत त्यांच्या आत, वेगळ्या जागी असते. आर्ग०वर इंडेक्स घेऊन (आतल्या एका घटकावर बोट ठेवून), किंवा बफर असेल तर त्यावर फील्ड तयार करून लिहिलं की थेट मूळ माल बदलतो. इथे रेफऑफ लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही.

आता पुढच्या दोन ओळी शेजारी ठेवून पाहा:

आर्ग० = ५
आर्ग०[१] = ५

रेफऑफ नसेल तर पहिलीने बाहेर काहीही बदलत नाही. दुसरीने हाक मारणाऱ्याचं पॅकेज बदललं. जुन्या एएसएलमध्ये दुसरी ओळ स्टोअर आणि इंडेक्स असे दोन शब्द घेऊन यायची, निदान डोळा थबकायचा. नव्या लिखाणात ती सी भाषेतल्या ॲरेसारखी दिसते, आणि डिसअसेंबलर (फर्मवेअरमधला कोड वाचता येईल अशा रूपात आणणारं साधन) आता याच नव्या रूपात कोड देतो. संशयास्पद मेथड वाचताना आयएएसएलला (एएसएलच्या कंपायलर-डिसअसेंबलरला) डीएल पर्याय देऊन जुन्या रूपातला कोडही काढावा, असं माझं स्पष्ट मत आहे. इंडेक्स हा शब्द शोधला की धोक्याच्या सगळ्या जागा एका दमात सापडतात. कंपायलरची मात्र वाट पाहू नका. ही साठवण नियमात बसते, तो तिला चूक म्हणणार नाही.

दुरुस्ती

घेणाऱ्या मेथडने पहिल्याच ओळीत स्वतःची प्रत काढावी, प्रतीवर काम करावं आणि प्रत परत द्यावी:

मेथड (सीएनव्हीटी, १)
{
  लोकल० = आर्ग०
  लोकल१ = डीरेफऑफ (लोकल०[४])
  लोकल०[१] = डीरेफऑफ (लोकल०[१]) * लोकल१ / १०००
  लोकल०[२] = डीरेफऑफ (लोकल०[२]) * लोकल१ / १०००
  लोकल०[०] = ०
  रिटर्न (लोकल०)
}

आणि _बीआयएफच्या शेवटी: रिटर्न (सीएनव्हीटी (बीपीकेजी)).

लोकलमध्ये साठवताना आधीची वस्तू काढून टाकून नव्या वस्तूची प्रत ठेवायची, असा नियम आहे. त्यामुळे लोकल०वरचा इंडेक्स मूळ पॅकेजपर्यंत पोहोचत नाही. लोकल आठ मिळतात, आर्ग्युमेंट सात, जागेची अडचण येत नाही.

इथे एक सोपी मलमपट्टी सुचते: एकक १ असेल तरच गुणा, ० असेल तर सोडून द्या. लक्षण त्याने जातं, हे खरं. पण मूळ पॅकेज अजूनही बदलतंच आहे. उद्या कुणी बॅटरी बदलल्यावर क्षमता नव्याने भरण्याची ओळ जोडली, तर पॅकेजमध्ये ताजे मिलीअँपिअर-तास येतील आणि एकक मात्र मागच्या वेळचं ० राहील. मग रूपांतर होणारच नाही आणि ४५,६०० च्या जागी ४००० दिसतील. रोग उलट्या दिशेने परत आला. प्रत काढणं हाच खरा उपाय आहे.

मेथडच्या आत नेम (नाव असलेली वस्तू बनवणारा शब्द) वापरून तात्पुरतं पॅकेज बनवायचा मोहही टाळा. ती मेथड सीरियलाइज्ड (एका वेळी एकच हाक घेणारी) नसेल आणि एकाच वेळी दोन हाका आल्या, तर दुसरीला ते नाव आधीच अस्तित्वात असल्याची एरर मिळते. लोकल पुरेसा आहे.

उलटी तक्रार: आकडा कधी बदलतच नाही

हेच दुखणं दुसऱ्या टोकाने येतं तेव्हा तापमान दिवसभर एकाच आकड्यावर खिळलेलं असतं. कोडमध्ये बहुधा असं असतं: एक मेथड जीटीएमपी, ती आर्ग०मध्ये कंट्रोलरचं तापमान साठवते. हाक मारणारी _टीएमपी तिला टीव्हीएएल हे नाव देते आणि मग टीव्हीएएल परत करते. टीव्हीएएल पूर्णांक आहे, रेफऑफ नाही, म्हणजे आतली साठवण जीटीएमपी संपताच हवेत विरली. बाहेर जाते ती टीव्हीएएलची सुरुवातीची किंमत. _टीएमपी केल्विनच्या दहाव्या भागात उत्तर देते. म्हणून सुरुवातीची किंमत ० असेल तर स्क्रीनवर उणे २७३ अंश येतात. असा आकडा दिसला की मी सेन्सरकडे बघतही नाही, सरळ आर्ग्युमेंट तपासतो.

एक सावधगिरी. कायम २७.८ अंश दाखवणारी मशीन बरीच आहेत, आणि त्यातल्या अनेकांत ही चूक नसते. तिथे मेथड मुद्दामच ३०१० हा ठरलेला आकडा परत करते. आधी मेथड उघडून बघा.

दुरुस्तीचे दोन मार्ग. हाक मारताना जीटीएमपी (रेफऑफ (टीव्हीएएल)) लिहा, किंवा जीटीएमपीने आकडा रिटर्न करावा. मी नेहमी दुसरा निवडतो. रेफऑफचा करार हाक मारणाऱ्या प्रत्येकाने पाळावा लागतो. एकाने संदर्भ दिला, दुसऱ्याने नुसती किंमत दिली, आणि आत डीरेफऑफ असेल, तर दुसऱ्याच्या वेळी मेथड ऑपरंडच्या प्रकाराची एरर देऊन मधेच बंद पडते. कर्नलच्या लॉगमध्ये एई एएमएल ऑपरंड टाइप ही ओळ दिसली तर आधी हेच तपासा.

वाट बघणारा लूप

तिसरं रूप सगळ्यात फसवं आहे. कंट्रोलरचा 'व्यस्त' बिट शून्य होईपर्यंत थांबायचं, म्हणून कुणी एक सर्वांना वापरता येईल अशी डब्ल्यूएआयटी मेथड लिहितो. तिला फील्डचं नाव द्यायचं, ती आर्ग० शून्य होईपर्यंत थोडं झोपत राहणार. प्रत्यक्षात फील्ड वाचलं जातं हाक मारताना, एकदाच. आत जातो तो त्या क्षणीचा पूर्णांक. तो १ असेल तर लूप कितीही फिरला तरी १ च राहणार, मग लूप मुदत संपेपर्यंत फिरतो आणि तेवढा वेळ लॅपटॉप अडखळतो. तो ० असेल तर सगळं सुरळीत. कंट्रोलर रिकामा असताना कधीच न दिसणारा आणि गर्दीच्या वेळी हटकून दिसणारा हा दोष चाचणीतून सहज निसटतो.

रेफऑफने फील्डचा संदर्भ पाठवून प्रत्येक फेरीत डीरेफऑफ करणं हे कागदावर बरोबर उत्तर आहे. पण जुन्या इंटरप्रिटरवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीममधल्या हा कोड चालवणाऱ्या भागावर, त्याचा भरवसा धरू नका. लिनक्स वापरतो त्या एसीपीआयसीए या इंटरप्रिटरमध्ये डीरेफऑफ फील्डच्या संदर्भातून प्रत्यक्ष किंमत काढत नव्हतं, फील्ड ही वस्तूच परत करत होतं. ते २०१३ मध्ये दुरुस्त झालं, आणि त्या बदलाच्या नोंदीत हाच प्रकार विंडोज ७ मध्ये दिसतो, विंडोज ८ मध्ये नाही, असंही नमूद आहे. तेव्हा लूपमध्ये फील्डचं नाव थेट लिहावं. दोन फील्डसाठी दोन छोटे लूप झाले तर झाले.

लूपमधल्या झोपेबद्दल आणखी एक. स्लीप चालू असताना इंटरप्रिटर दुसऱ्या मेथडला वाट देतो. तुमच्या मेथडने आर्ग०मधून मिळालेला सामाईक बफर अर्धा भरला असेल आणि मधेच दुसरी मेथड तोच बफर घेऊन आली, तर मिश्रण बाहेर पडतं. अधूनमधून, पुन्हा घडवून न आणता येणारे चुकीचे आकडे दिसत असतील तर इथे बघा. बफर वापरणाऱ्या सगळ्या मेथडवर एकच म्यूटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) लावा, किंवा पुन्हा तेच, लोकलमध्ये प्रत.

शोधायचं कसं

एसीपीआयडंपने टेबलं काढा, एसीपीआयएक्सट्रॅक्टने वेगळी करा, आयएएसएलने डिसअसेंबल करा. डीएसडीटी एकटी उघडू नका, सगळ्या एसएसडीटी (डीएसडीटीला जोड असलेली टेबलं) सोबत द्या. एएमएलमध्ये (एएसएलच्या कंपाइल केलेल्या रूपात) मेथडच्या हाकेत आर्ग्युमेंट किती हे लिहिलेलं नसतं. मेथड दुसऱ्या टेबलात असेल तर डिसअसेंबलरला अंदाज बांधावा लागतो, आणि तो चुकला की आर्ग्युमेंट हाकेबाहेर सुट्या ओळी होऊन पडलेली दिसतात. अशा कोडवरून निष्कर्ष काढाल तर नसलेला दोष सापडेल आणि असलेला निसटेल.

मग एसीपीआयएक्झेकमध्ये तीच टेबलं भरा आणि _बीआयएफ सलग दोनदा चालवा. हे साधन कंट्रोलरची मेमरी नुसती भासवतं, त्यामुळे आकडे खरे नसतील. क्षमतेच्या फील्डमध्ये शून्य असेल तर गुणाकारही शून्यच येईल, म्हणून कोडच्या प्रतीत त्या जागी ४००० लिहून पाहा. दोन उत्तरं वेगळी आली, की प्रत्यक्ष लॅपटॉपला हात न लावता दोष सिद्ध झाला.

दुरुस्त केलेलं टेबल लिनक्सवर इनिटआरडीच्या (बूट होताना सुरुवातीला भरल्या जाणाऱ्या फाइलीच्या) आधी जोडलेल्या, कॉम्प्रेस न केलेल्या आर्काइव्हमधून भरता येतं. टेबलाच्या हेडरमधली ओईएम आवृत्ती वाढवायला विसरू नका, नाहीतर कर्नल जुनंच टेबल वापरेल. सिक्युअर बूटमुळे कर्नल लॉकडाउनमध्ये असेल तर बदललेलं टेबल सरळ दुर्लक्षित केलं जातं, लॉगमध्ये तसं लिहिलेलं सापडतं. आणि बायोस अपडेट करण्याआधी हे टेबल काढून टाका. डीएसडीटीमध्ये मेमरीचे पत्ते असतात, अपडेटमध्ये ते सरकू शकतात, आणि जुन्या टेबलातले पत्ते नव्या फर्मवेअरवर लिहायला लागले तर बॅटरीच्या टक्क्यांपेक्षा फार मोठं नुकसान होईल.

म्हणून हे टेबल तात्पुरतं समजा आणि दोष निर्मात्याकडे नोंदवा. तक्रारीत 'बॅटरी चुकीची दाखवते' एवढंच लिहिलं तर उत्तरात बॅटरी बदलायला सांगतील. मेथडचा पूर्ण मार्ग, आर्ग०वर इंडेक्स घेऊन लिहिणारी नेमकी ओळ, बायोसची आवृत्ती, आणि एकापाठोपाठ घेतलेली दोन उत्तरं जोडा. फर्मवेअर लिहिणाऱ्या माणसापर्यंत हे पोहोचलं तर त्याला बदलायच्या असतात त्या मोजक्याच ओळी.